कुळथाचं पीठ, घरच्या जात्यावर : कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

काम काय ते आधी लिहून ठेवतो. घरी वर्षभर पुरेल एवढं कुळथाचं पीठ लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत करायचं आहे. आजवर ते कणकवलीजवळच्या गावाहून मामी पाठवत असे. शिमगा झाला की मुंबईला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पिशवी यायची. यंदा तिचा खांदा दुखावला आहे आणि जातं ओढवत नाही. गावात दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ, असं ती म्हणाली होती. पण ज्यांच्याकडे जातं होतं त्यांच्याकडेही ते आता अंगणात पडून आहे.

विकतचं पीठ आम्ही आणून पाहिलं. वेगवेगळ्या दुकानांतलं आणलं, त्यात थोडाफार फरक होता. बहुतेक पिठांचा रंग गडद तपकिरी, चव तुरट, आणि पिठी, म्हणजे या पिठाचं पातळ कालवण, शिजवून खाली ठेवली की तळाशी कोंडा बसतो. आईने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून लगेच सांगितलं, सालासकट दळलंय आणि नीट भाजलेलं नाही. गावचं पीठ फिकट, मातकट पिवळं असतं. डबा उघडला की भाजल्याचा वास आधी येतो.

ज्यांच्या घरी गावचं पीठ येणं असंच थांबलंय त्यांना उपयोगी पडावं म्हणून तारखेनिशी लिहितो आहे. काम अवघड नाही, पण एकापाठोपाठ एक बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. एक गोष्ट चुकली की पुढच्या सगळ्या बिघडतात.

आज जातं पोटमाळ्यावरून उतरवलं. आजी गावाहून मुंबईला बिऱ्हाड करायला आली तेव्हा तिने ते सोबत आणलं होतं. वडील गिरणीत, दिवसपाळी-रातपाळी, आणि घरात येणारे-जाणारे गाववाले. त्या काळात या जात्याला उसंत नव्हती. १९८२ च्या संपानंतर घरात माणसं कमी झाली आणि जातं वर गेलं. वरच्या तळीचा, म्हणजे दगडाचा, व्यास साधारण हातभर भरतो. एकट्याने उतरवू नका. तळ्या वेगळ्या करून, एकेक करून, दोघांनी उतरवा. खुंटा सुकून सैल झाला होता आणि हलवला की हातात येत होता. दोन्ही तळ्यांची आतली बाजू हाताला गुळगुळीत लागली. याच्यावर काही दळलं जाणार नाही, टाकी लावून घ्यावी लागणार, म्हणजे टाके मारून दगड पुन्हा खडबडीत करून घ्यावा लागणार.

१३ एप्रिल, रविवार

तीन किलो कुळीथ आणले, किलोला १३० रुपयांनी. घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहिले. कुळथाला गोल भोकं पडलेली असली तर आत किडीने आधीच घर केलेलं असतं, तो माल सोडून द्यायचा. एका दुकानातले दाणे चकचकीत दिसत होते पण नखाने दाबले तर मऊ लागत होते. म्हणजे त्यात ओल होती. आम्ही घेतलेले बारीक, तांबूस, मधूनमधून काळपट ठिपक्यांचे आहेत. कोकणात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. त्यामुळे एप्रिलमध्ये घेतलेला माल ताजा मिळायची शक्यता जास्त.

कुळीथ निवडताना खरा शत्रू खडा. तो नेमका दाण्याच्याच आकाराचा आणि दाण्याच्याच रंगाचा असतो. ताटात पसरून बोटाने निवडायला बसलो तर डोळे दुखायला लागले आणि तरीही खडे राहिलेच. आईने मग पातेलं आणि परात मागून घेतली आणि कुळीथ रोळायला बसली. पातेल्यात थोडे दाणे, वर भरपूर पाणी. पातेलं तिरपं धरून हलक्या हाताने गोल फिरवायचं आणि वर आलेले दाणे पाण्याबरोबर परातीत जाऊ द्यायचे. खडा जड असल्यामुळे तळाला राहतो. शेवटी तळाशी जे उरतं ते चमचाभर दाणे आणि त्यात खडेच खडे. ते दाणे वाचवायचा मोह करू नये, सरळ टाकून द्यावेत. तीन किलोमध्ये अर्धी वाटी खडे-दाणे गेले.

धुतलेले दाणे पाण्यात मुरू द्यायचे नाहीत. रोळून झाले की लगेच चाळणीत निथळून गच्चीवर सुती साडीवर पसरले. वरून दुसरी साडी, चारी कोपऱ्यांना विटा. विटा नसत्या तर कबुतरांनी अर्धे नेले असते. चार वाजले की दाणे खाली आणायचे. संध्याकाळी समुद्रावरून येणारा वारा दमट असतो आणि दिवसभर वाळलेलं धान्य तासाभरात पुन्हा ओल धरतं.

२० एप्रिल, रविवार

टाकी लावणारं माणूस शोधण्यात आठवडा गेला. पूर्वी हे लोक चाळीचाळींतून हिंडत. आता मिक्सर आले, पाटे-वरवंटे गेले, त्यांचं हिंडणंही थांबलं. इमारतीतल्या जुन्या लोकांना विचारलं तर सगळे म्हणत, 'यायचे पूर्वी.' शेवटी बाजाराच्या कडेला दगडी खलबत्ते आणि पाटे विकायला बसणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्यांचा दीर हे काम करतो असं कळलं. ५०० रुपये सांगितले आणि घरी यायला तयार झाले. मी घासाघीस केली नाही. असं काम येणारी माणसं किती उरली आहेत!

चाळीच्या अंगणात गोणपाट टाकून ते बसले. सकाळी दहाला सुरुवात केली, जेवायच्या वेळेला उठले. त्यांनी काय केलं ते मी बाजूला बसून पाहिलं. टाके सगळीकडे सारखे मारायचे नसतात. मधल्या भोकाजवळ टाके खोल आणि विरळ, कडेकडे जाताना उथळ आणि दाट. अगदी कडेची दोन बोटं रुंदीची पट्टी जवळजवळ सपाट राखली. दाणा मधून पडतो तेव्हा अख्खा असतो, त्याला आत शिरायला जागा हवी. कडेपर्यंत येतो तेव्हा त्याचं पीठ झालेलं असतं, तिथे दोन तळ्यांमध्ये फट नको. त्यांनी हे तोंडाने सांगितलं नाही, वरची तळी उलटी ठेवून बोट फिरवून दाखवलं. खुंटाही त्यांनीच पाचर मारून घट्ट करून दिला.

जाताना एकच गोष्ट बजावून गेले. लगेच खायचं काही दळू नका, आधी जात्याला दळून दळून शांत करा.

२७ एप्रिल, रविवार

आजचा दिवस कच काढण्यात गेला. ताज्या टाकीच्या दगडातून बारीक वाळू सुटते. त्यासाठी दोन किलो तांदळाच्या कण्या आणल्या, ८० रुपये. जात्याखाली जुनी घोंगडी घडी करून घातली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, दुपारी दोन ते चार त्यांची झोपेची वेळ सोडून दळू. घोंगडीने घरघर बरीच कमी होते. नुसत्या फरशीवर ठेवलं तर जातं सरकतंही.

कण्या दळल्या, पीठ फेकलं. फडक्याने तळ्या पुसल्या, पुन्हा दळल्या. कच गेला की नाही हे ओळखायची आईची रीत अशी : चमचाभर पीठ पेल्यातल्या पाण्यात ढवळायचं, थोडं थांबायचं आणि वरचं पांढरं पाणी ओतून द्यायचं. तळाशी जे उरेल ते बोटाने पेल्याच्या तळावर घासायचं. खरखर लागली तर अजून वाळू आहे. पहिल्यांदा पेल्याच्या तळाशी करड्या रेतीचा चक्क थर होता. संध्याकाळी शेवटचं पीठ पाहिलं तेव्हा बोटाला काही लागलं नाही, दाताखालीही नाही. कण्या सगळ्या संपल्या होत्या. दोन किलोपेक्षा कमी आणू नका.

ही पायरी गाळायची नाही, मग कितीही घाई असो. दाताखाली कच आली तर बाकी सगळी मेहनत वाया.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून भाजणं आज काढलं. लोखंडी कढई, अर्धा किलोचा एकेक घाणा. जास्त घातले तर खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात.

पहिला घाणा दहा मिनिटांत उतरवला. दाणे तडतडायला लागले होते, वासही यायला लागला होता. गार करून जात्यावर घातले तर दाणा फुटला पण साल सुटलं नाही, डाळीला चिकटूनच राहिलं. डाळीचा तुकडा चावून पाहिला तर आतून दमट आणि कच्च्या कडधान्याचा उग्र वास. आई म्हणाली, 'अजून नाय झाला. मंद आगीर भाज, घाय करू नको.'

तीच भरड पुन्हा कढईत घालून पाहिली, पण तुकडे लहान-मोठे असल्यामुळे चुरा आधी करपला. तेवढा घाणा गेला. फुटलेली भरड दुबार भाजायचा प्रयत्न करू नका. भाजणं अख्ख्या दाण्याचंच पूर्ण करायचं.

नंतरच्या घाण्यांना मंद आचेवर वीस-बावीस मिनिटं दिली. काय पाहायचं ते लिहितो. सुरुवातीला दाणे कढईत सळसळ करतात, मग तडतडतात, मग तडतड कमी होते. तिथून पुढे खरं भाजणं. बाहेरचा रंग फारसा बदलत नाही, म्हणून रंगावर जाऊ नका. एक दाणा काढायचा, फुंकून गार करायचा, दाताने फोडायचा. टचकन फुटला पाहिजे आणि आतला रंग फिकट पिवळा पाहिजे. आत तपकिरी छटा आली तर पुढे गेलात, पीठ कडवट होणार. चावल्यावर जिभेला फुटाण्याची चव लागली की उतरवायचं, आणि कढईतच न ठेवता लगेच परातीत पसरायचं. लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही दाणे भाजतच राहते.

सगळे घाणे होईपर्यंत दुपार उलटली. मे महिन्यात बंद स्वयंपाकघरात हे काम म्हणजे अंग भिजून निघतं. पुढच्या वेळी पहाटे सुरू करायचं.

४ मे, रविवार

भरडणं आणि पाखडणं. माझ्या मते या सगळ्या कामाचा कणा हाच आहे. विकतच्या पिठात नेमका तोच नसतो.

भाजलेले दाणे पूर्ण गार हवेत. रात्रभर झाकून ठेवलेले चालतात, पण हवाबंद डब्यात. भरडण्यासाठी वरची तळी किंचित उचलावी लागते, नाहीतर डाळीऐवजी एकदम पीठ पडतं. मधल्या खुंटीला सुती चिंधीचं वेटोळं घातलं आणि त्यावर वरची तळी बसवली. वेटोळं जाड झालं तर दाणे अख्खेच बाहेर पडतात, पातळ झालं तर चुरा होतो. थोडे दाणे वैरायचे, म्हणजे जात्याच्या भोकात घालायचे, काय पडतंय ते पाहायचं, चिंधी कमी-जास्त करायची. एकदा जमलं की मग नुसतं ओढत राहायचं. वैरण मुठीने नको, तीन बोटांच्या चिमटीने, आणि जातं फिरत असताना. थांबवून घातली तर एका जागी गोळा होऊन पडते.

दाण्याची दोन दळं होऊन साल सुटं पडायला लागलं तेव्हा आईने दोन्ही हातांनी भरड उचलून पाहिली आणि मान डोलावली.

मग सूप. बांबूचं नवीन सूप दादरच्या बाजारातून आणलं, १८० रुपये. लग्नसराई असल्यामुळे सूप-रोवळ्या सहज मिळाल्या. प्लास्टिकचं घेऊ नका. त्यावर साल सरकत नाही, घसरतं, आणि डाळही बरोबर जाते. बांबूच्या विणीवर डाळ जरा अडते आणि साल पुढे जातं.

पाखडणं मला येत नव्हतं आणि वर्णन वाचून ते येईल असंही नाही, पण एवढं सांगता येतं. सूप वर उडवायचं नसतं. भरड थोडीच, सुपाच्या मागच्या अर्ध्यात घ्यायची. मनगटाने सूप जरा पुढे ढकलून झटक्यात मागे ओढायचं. भरड बोटभरच उसळते. मागे येताना सुपाचं तोंड किंचित खाली. साल हलकं म्हणून पुढच्या कडेला जमतं आणि फुंकर घातली किंवा सूप हलकंच झटकलं की खाली जातं. माझ्या हातून सुरुवातीला साल आणि डाळ दोन्ही जमिनीवर. आईला उभं राहून पाखडणं जमत नाही, तेव्हा ती पाटावर बसली आणि मी समोर बसून तिच्या मनगटाकडे बघत राहिलो. तिचं सूप आवाज करतं तो ठरावीक असतो, दोन लहान झटके आणि एक मोठा. तो ताल हाताला बसला तसं मला जमायला लागलं.

पंखा बंद ठेवायचा. खिडकीही अर्धी लावली. साल बारीक असतं, नाकात जातं. तोंडाला रुमाल बांधा.

एकदा पाखडून सगळं साल जात नाही. जे दाणे नीट फुटलेले नसतात ते चाळणीने वेगळे काढून पुन्हा जात्यावर घालायचे, पुन्हा पाखडायचे. 'सालां रवली काय पिठी कडू लागता,' आई म्हणते. थोडं साल राहतंच, ते चालतं. आमच्या डाळीत शंभरातल्या चार-पाच तुकड्यांना साल होतं आणि आईने ते पास केलं.

भाजून झाल्यावर दाणे सव्वादोन किलोंच्या आसपास भरले होते. कच्च्या घाण्यात गेलेला माल वजा करूनच हे लिहितो आहे. पाखडून डाळ हाती आली ती पावणेदोन किलो.

११ मे, रविवार

दळण. हा भाग लवकर उरकेल असं वाटलं होतं.

बारीक पीठ जात्यावरच काढायचं होतं. चिंधी काढली, तळी बसवली, ओढायला लागलो. पहिल्या फेरीत रवा पडतो, तोच पुन्हा घालायचा. अर्धा किलो दळायला तास गेला आणि खांदे भरून आले. मामीने वर्षानुवर्षं हे पाच-सहा किलोंचं काम आमच्यासाठी केलं, हे खांदा दुखल्यावर पूर्ण कळलं.

दुसरा अर्धा किलो मिक्सरमध्ये. भांडं लगेच तापतं, पीठ गरम होतं आणि भाजल्याचा वास उडून जातो. थोडं थोडं घालून, मधे थांबून, भांडं गार होऊ देऊन केलं तर बरं निघतं. मैद्याच्या चाळणीने चाळलं, वर राहिलेला रवा पुन्हा फिरवला. कमी प्रमाणाला ठीक.

नाक्यावरच्या गिरणीत विचारलं. एवढं कमी दळण ते घेत नाहीत. घेतलं तरी आधीच्या धान्याचं पीठ आपल्यात येणार. डंखाचा, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राचा, तर प्रश्नच नाही. लालबागच्या बाजारात एप्रिल-मेमध्ये डंखांवर दिवसभर मिरची-मसालाच कुटला जातो. तिथून आणलेल्या कुठल्याही पिठाला तिखटाचा वास लागेल.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकींकडे घरघंटी आहे ती उपयोगी पडली. आधी मूठभर तांदूळ घालून ती साफ करून घेतली आणि उरलेली पाऊण किलो डाळ पंधरा मिनिटांत दळून झाली. पीठ किंचित कोमट होतं, लगेच परातीत पसरलं.

तिन्ही पिठं बाजूबाजूला ठेवून आईला चाखायला दिली, कुठलं कशाचं ते न सांगता. जात्याचं तिने ओळखलं, कारण ते जरा भरड होतं. पण घरघंटीचं तिला तेवढंच आवडलं. यावरून माझं मत झालं ते असं : जातं हवं ते भरडण्यासाठी. साल वेगळं करायचं काम मिक्सर करू शकत नाही, घरघंटीही नाही. डाळ एकदा स्वच्छ हाती आली की ती दळायची कशात, याने फार फरक पडत नाही. ज्यांच्याकडे जातं नाही त्यांनी लहान भरडायचं जातं मिळालं तरी घ्यावं. मोठ्याच्या मागे लागू नये.

१२ मे, सोमवार, बुद्ध पौर्णिमा

पहिली पिठी. आईचं माप मुठीचं आहे, म्हणून मी तिची मूठ काट्यावर मोजली. ती पीठ घ्यायला हात घालते, वर काढते आणि अंगठ्याने वरचं थोडं पुन्हा डब्यात लोटते. हे लोटणं ती दर वेळी करते. तशी मूठ २८ ते ३२ ग्रॅम भरली. चौघांना दोन मुठी, म्हणजे ६० ग्रॅम. पाणी पाऊण लिटर.

पीठ थंड पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात घातलं की गुठळ्या, मग कितीही ढवळा. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या तांबूस होईपर्यंत, मग दोन हिरव्या मिरच्या, कांदा, कढीपत्ता. कांदा मऊ झाला की पाणी, पाण्याला उकळी आली की कालवलेलं पीठ धारेने, दुसऱ्या हाताने ढवळत. मीठ. आच कमी करून आठ-दहा मिनिटं. चार कोकमं शेवटी. आधी घातली तर आंबटपणा जास्त उतरतो. शेवटी ओलं खोबरं. उकळताना पिठी पातळ वाटते पण ताटात येईपर्यंत दाट होते, म्हणून कढईत आमटीएवढी पातळच ठेवायची.

उकडा भात, पिठी आणि तव्यावर भाजलेला सुका बांगडा. तळाशी कोंडा नाही, तुरटपणा नाही. आईने जेवताना काही म्हटलं नाही, पण भात पुन्हा घेतला. संध्याकाळी मामीला फोन करून तिने सगळं सविस्तर सांगितलं, कोणत्या घाण्याचं काय झालं इथपर्यंत.

१८ मे, रविवार

आणखी तीन किलो कुळीथ आणले, त्याच भावाने. सकाळी रोळले, गच्चीवर घातले. ऊन आहे पण हवेत दमटपणा फार. एका दिवसात वाळणार नाहीत असं दिसतंय.

२१ मे, बुधवार

काल रात्रीपासून पाऊस. गच्चीवरून माल वेळेत आणला, पण तो आतून ओलाच होता. घरात पंख्याखाली पसरला आहे.

२३ मे, शुक्रवार

सकाळी पसरलेल्या दाण्यांत हात घातला तर मधला भाग गरम लागला आणि काही दाण्यांना पांढरे मोड आलेले. कुळीथ फार लवकर मोडावतात. मोड आलेल्यांचं पीठ गोडसर होतं आणि टिकत नाही. त्यामुळे मोडाचे दाणे वेगळे काढले. वाळलेल्या मापाने ते पाऊण किलोच्या आत-बाहेर असतील. त्याची दोन दिवस उसळ केली. एक वाटी खालच्या काकूंकडे, एक तिसऱ्या मजल्यावर. दोन्हीकडे जात्याचा आवाज सहन केलेला, तेव्हा देणं होतंच.

बाकीचे दाणे कढईत अगदी मंद आचेवर, हाताला सोसेल एवढ्याच गरम करून, परातीत पसरून, पुन्हा गरम करून वाळवले. भाजायचे नाहीत, फक्त ओल घालवायची. दोन संध्याकाळी याच्यात गेल्या.

मामीला विचारलं तर तिने सांगितलं की ती कुळीथ फक्त शिमग्याच्या सुमारास, कडक उन्हात धुते. उशीर झाला तर धूतच नाही. कोरडे निवडायचे, चाळायचे आणि ओल्या फडक्यावर घोळून धूळ काढायची. खडे निवडायला वेळ लागतो पण मोड येत नाहीत. मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो या हिशोबाने मी चाललो होतो.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. परळ, दादर, हिंदमाता, सगळीकडे पाणी. घरीच होतो, म्हणून भाजून घेतलं. पावसाळी हवेत भाजलेले दाणे परातीत गार व्हायला ठेवले की तेवढ्यात मऊ पडतात. दाणे हाताला कोमट लागू लागले की स्टीलच्या डब्यात, झाकणाखाली कोरडं फडकं घालून ठेवले. फडकं वाफ शोषून घेतं. एक तासाने फडकं बदललं.

१ जून, रविवार

भरडणं, पाखडणं, दळणं एका दिवसात. हात आता बसला आहे. ओलसर हवेत साल थोडं चिवट होतं, म्हणून भरडायच्या आधी दाणे कढईत दोन मिनिटं नुसते गरम करून घेतले आणि गार होताच जात्यावर घातले. साल बरं सुटलं, पण मेमधल्याइतकं स्वच्छ नाही. पीठ रंगाने किंचित गडद आलं. चवीत फरक आईला कळतो, मला फारसा नाही. हे पीठ आधी संपवायचं आणि मेमधलं राखून ठेवायचं.

२२ जून, रविवार

साठवण. काचेच्या बरण्या उन्हात तापवून ठेवायला ऊन नव्हतं, म्हणून तव्यावर मीठ गरम करून बरण्यांत फिरवलं, मीठ काढलं, कोरड्या फडक्याने पुसल्या. एका बरणीत पीठ दाबून भरलं, दुसरीत सैल. तीन आठवड्यांनी दाबून भरलेल्यात गुठळी नाही, सैल भरलेल्यात वरचा थर जरा चिकटला आहे. घ्यायला कोरडा चमचा. आईची मूठही आता बरणीत जात नाही, वाटीत काढून मग मूठ.

खर्च लिहितो. कुळीथ सहा किलो ७८० रुपये, टाकी ५००, सूप १८०, कण्या ८०. एकूण १५४० रुपये. पीठ हाती आलं पावणेदोन आणि दीड मिळून सव्वातीन किलो. म्हणजे यंदा किलोला पावणेपाचशेच्या आसपास पडलं. त्यात गॅस आणि सुट्टीचे दिवस धरलेले नाहीत. विकतचं तीनशेच्या आसपास मिळतं. टाकी आणि सूप हा खर्च दर वर्षीचा नाही, तेव्हा पुढच्या वेळी फक्त कुळथाचेच पैसे. घाणा वाया गेला नाही आणि मोड आले नाहीत तर तीन किलोला दोन किलो पीठ धरायला हरकत नाही.

एक किलो मामीकडे पाठवलं, गणपतीला गावी जाणाऱ्या भाच्याची वाट न पाहता कुरिअरने, कारण पीठ ताजं असतानाच तिने चाखावं असं आईला वाटत होतं. मामीचा निरोप आला : भाजणं बरोबर, साल अजून थोडं काढायला हवं होतं, आणि दळताना किलोला मूठभर धणे घातले असते तर बरं. धणे ती नेहमी घालायची, हे आईलाही माहीत नव्हतं. नवीन कुळीथ फेब्रुवारीत आले की किलोला मूठभर धणे वेगळे भाजून, डाळीबरोबर दळायचे आहेत.